स्मरणरंजन की सम्यक स्मृती?

दरवर्षी १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन साजरा होतो. १८३९ साली याच दिवशी फ्रान्समध्ये छायाचित्रणाची कृती जगासमोर जाहीर झाली. या दिवशी नाशिकमध्येही प्रदर्शने भरतात, स्पर्धा होतात, बक्षिसे दिली जातात. तरुण मुले मोठ्या उत्साहाने छायाचित्रे मांडतात. त्यांत आपल्या वस्त्यांमधली मुलेही आता दिसू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. ज्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या झाडू आणि कुदळ दिली गेली, त्या हातांत आज कॅमेरा आहे. बाबासाहेबांच्या क्रांतीचेच हे एक फळ होय.

परंतु या प्रदर्शनांतून फिरताना एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. नाशिकच्या तरुण छायाचित्रकाराला सर्वाधिक मोह पडतो तो 'जुन्या नाशिक'चा. कौलारू वाडे, नक्षीदार लाकडी खांब, सरकारवाड्याच्या भिंती, गोदाघाटावरचे धुके, रामकुंडावरचा पहाटेचा दिवा, तांब्याचा बंब, नऊवारीतली आजी, ओसरीवरचा झोपाळा. बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल, नाहीतर मुद्दाम तपकिरी केलेली. खाली ओळ असते ती 'गेले ते दिवस' अशा थाटाची. सारे कसे शांत, सुंदर, हळवे! या शैलीला मराठीत एक नेमका शब्द आहे, स्मरणरंजन. आठवणींनी मनाचे रंजन करणे.

रंजनाला आमची हरकत नाही. सौंदर्याशी तर आमचे वैर मुळीच नाही. ज्यांनी डोंगर कोरून लेणी उभारली त्यांचा वारसा सांगणारे आम्ही, सौंदर्याला कसे नाकारणार? आमचा प्रश्न एवढाच आहे की, ही आठवण कोणाची आहे? ज्या वाड्याच्या ओसरीवरचा झोपाळा आमचा तरुण इतक्या प्रेमाने टिपतो, त्या ओसरीवर त्याच्या आजोबाला चढता येत होते काय? ज्या विहिरीच्या रहाटावर पडलेले ऊन त्याला कवितेसारखे वाटते, त्या विहिरीचे पाणी त्याच्या आजीला ओंजळीत वरून ओतून घ्यावे लागत होते, हे त्याला कोणी सांगितले आहे काय? त्याची आजी त्या चौकटीत नाही. ती चौकटीच्या बाहेर, उन्हात, रिकामी घागर घेऊन उभी आहे. छायाचित्र म्हणजे चौकट, आणि चौकट म्हणजे काय आत घ्यायचे व काय बाहेर ठेवायचे याचा निर्णय. जातिव्यवस्थेनेही हजारो वर्षे दुसरे काय केले?

गोदाघाटाचेच घ्या. २ मार्च १९३० रोजी याच शहरात काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुषांची शिस्तबद्ध मिरवणूक मंदिराकडे निघाली तेव्हा दरवाजे बंद करण्यात आले आणि मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली. दुसऱ्या दिवशी पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया मंदिराच्या दरवाजांसमोर बसल्या. पुढे रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा लढा वर्षानुवर्षे चालवला, तुरुंग भोगला. दार उघडले नाही. म्हणूनच १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आज गोदाघाटावर कॅमेरा रोखणाऱ्या किती तरुणांना ठाऊक आहे की, आपण ज्या पायऱ्यांवरचे धुके टिपत आहोत त्याच पायऱ्यांच्या परिसरात आपल्या पूर्वजांचे रक्त सांडले? २०२७ सालच्या सिंहस्थासाठी याच घाटाची लाखो छायाचित्रे निघतील. त्यांत १९३० कुठे असेल?

गावाच्या बाबतीतही तेच. बैलगाडी, पार, पिंपळ, मारुतीचे देऊळ, बारा बलुतेदारांचे 'गुण्यागोविंदाने' नांदणारे गाव, हा तर स्मरणरंजनाचा सर्वात मोठा माल. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी या ग्रामप्रेमाचा बुरखा टराटरा फाडला. गाव हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयवादाचे आगर आहे, असे बजावून संविधानाचा घटक गाव नसून व्यक्ती आहे याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. आणि दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले तेव्हा तोच शब्द उलटा करून समाजापुढे धरला. प्रस्थापितांच्या ललित लेखनात जो शब्द खमंग वाटत होता, त्यातून महारवाड्याचा उपाशी श्वास ऐकू आला. शब्द तोच, आठवण मात्र वेगळी. छायाचित्राचेही असेच आहे. पार तोच, पिंपळ तोच. प्रश्न असतो की छायाचित्रकार पारावर उभा आहे की गावकुसाबाहेर.

नाशिकच्या मातीत या विषयाची एक मोठी परंपरा आहे, तिचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी एक तरुण छायाचित्रकार होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गेले, व्यवसाय बुडाला. पुढे पुरातत्त्व खात्यात त्यांनी आरेखक व छायाचित्रकार म्हणून नोकरी केली. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले आणि त्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' जन्माला आला. त्यांच्या कष्टांविषयी, जिद्दीविषयी, तांत्रिक प्रतिभेविषयी आम्हाला आदरच आहे. वाटाण्याचे रोप उगवताना दाखवण्यासाठी दिवसेंदिवस कॅमेऱ्यापाशी बसणारा हा माणूस विज्ञानाचा उपासक होता.

पण त्यांच्या कलादृष्टीचे काय? यंत्र नवे, डोळा मात्र पुराणाचा! हरिश्चंद्राची कथाच पाहा. सत्यवचनी राजाच्या अधःपाताची परमावधी कोणती? तर स्मशानात डोंबाची चाकरी करावी लागणे. प्रेक्षक रडतात ते राजासाठी. परंतु जो डोंब जन्मभर त्या स्मशानात उभा आहे, ज्याचा बाप तिथेच राबला आणि ज्याचा मुलगाही तिथेच राबणार आहे, त्याच्यासाठी कोणाच्या डोळ्यांत पाणी आले? राजाचे दुःख ही कथा, आणि डोंबाचे आयुष्य हा केवळ पडदा! भारतीय चित्रकथेची सुरुवातच अशी एका गौरवशाली भूतकाळाच्या आठवणीने झाली. स्मरणरंजनाचे बीज तिथे आहे.

आणि नियतीचा, नव्हे इतिहासाचा, विलक्षण योगायोग असा की, त्याच फाळक्यांचे स्मारक आज नाशिकमध्ये त्रिरश्मी डोंगराच्या पायथ्याशी उभे आहे. शेजारी बुद्धस्मारक आहे आणि वर डोंगरात चोवीस लेण्यांची रांग आहे. शाळेच्या सहली येतात, कुटुंबे येतात, बागेत छायाचित्रे काढतात. वर चढून जाणारे त्या लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणतात. पांडवांचा आणि त्या लेण्यांचा काय संबंध? भिंतींवरचे ब्राह्मी शिलालेख स्वच्छ सांगतात की ही भिक्षुसंघाला दिलेली दाने आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या दानाचा लेख तिथे आहे. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवून तिच्या व्याजातून भिक्षूंच्या चीवराची सोय लावल्याचा लेख आहे. आणि आम्हाला सर्वात प्रिय असा लेख आहे तो मुगूदास नावाच्या एका कोळ्याचा, ज्याने आपल्या परिवारासह एक लेणे दान दिले. राजमातेच्या लेण्याच्या रांगेत कोळ्याचे लेणे! दोन हजार वर्षांपूर्वीची ही समता दगडात कोरलेली आहे. जिथे ती वाचायची तिथे आपण भीमाची गदा आणि द्रौपदीची कथा शोधत बसतो. आठवण अशी बदलली जाते. नाव बदलले की आठवण बदलते आणि आठवण बदलली की मालक बदलतो.

आपण कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा कसे आलो, हेही तरुणांनी जाणून घेतले पाहिजे. आपल्याकडे छायाचित्रण आले ते साहेबांबरोबर आणि शहरातल्या श्रीमंतांबरोबर. १८५४ साली मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ सरकारने काढला. त्यात जातीजमातींचे नमुने म्हणून माणसांची छायाचित्रे छापली गेली. पक्ष्याचा किंवा फुलपाखराचा नमुना टाचणीने खोचावा तसा माणूस! खाली जातीचे नाव आणि स्वभावाचे वर्णन. छायाचित्र होते, पण त्यातल्या माणसाला आवाज नव्हता.

याच्या नेमके उलट उदाहरण अमेरिकेतले आहे. गुलामगिरीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस हा एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक छायाचित्रे काढली गेलेल्या अमेरिकन माणसांपैकी एक होता. हा काही हौसेचा भाग नव्हता. गोऱ्यांनी काढलेल्या व्यंगचित्रांत काळा माणूस दात विचकणारा विदूषक होता. डग्लस प्रत्येक छायाचित्रात उत्तम पोशाखात, ताठ मानेने, रोखलेल्या नजरेने बसला. छायाचित्रण या विषयावर त्याने व्याख्यानेही दिली. आपली प्रतिमा आपणच घडवली पाहिजे, हे त्याने ओळखले होते.

बाबासाहेबांची छायाचित्रे याच दृष्टीने पाहा. सूट, टाय, चष्मा, हातात ग्रंथ, मागे पुस्तकांचे कपाट. ज्या समाजाला धड वस्त्र घालण्याची मुभा नव्हती, त्याच्या नेत्याने घातलेला तो सूट हा मनुस्मृतीला दिलेला जबाब होता. म्हणूनच ते छायाचित्र झोपडीतल्या भिंतीवर गेले. घरात धान्य नसेल, पण बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर असेल. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर आजही माणसे पुस्तके आणि तसबिरी घेऊन घरी परततात. आणि ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत निघालेल्या त्या अथांग अंत्ययात्रेचे चित्रण आज आपण पाहू शकतो ते कोणामुळे? नामदेवराव व्हटकर या लेखक-कलावंताने पदरमोड करून ते करून घेतले म्हणून. त्या दिवशी त्यांनी खर्चाचा हिशेब केला असता तर? ती माणसे, ते अश्रू, ती गर्दी आपल्या नातवंडांना केवळ ऐकून माहीत झाली असती. चळवळीच्या दृष्टीने कॅमेऱ्याचे मोल काय, हे या एका उदाहरणातून कळावे.

आता कृष्णधवल शैलीकडे येऊ. कृष्णधवल छायाचित्र म्हणजे स्मरणरंजनच, असे नव्हे. अकोल्यात १९६६ साली जन्मलेला सुधारक ओलवे हा तरुण जे. जे. कलाशाळेत छायाचित्रण शिकला आणि १९८८ पासून मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करू लागला. ऐन तिशीत त्याने मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांकडे कॅमेरा वळवला. गटारात उतरणारा माणूस, कचऱ्याच्या ढिगात उभी असलेली माणसे, त्यांची घरे, त्यांची मुले, त्यांची व्यसने, त्यांचे मृत्यू. हेही सारे कृष्णधवल! पण तिथे 'गेले ते दिवस' नाही, 'आजही हेच दिवस आहेत' असे आहे. पाहणाऱ्याच्या घशाखाली घास उतरू नये, असे ते काम. २००५ साली नॅशनल जिओग्राफिकच्या 'ऑल रोड्स' स्पर्धेत जगभरातून निवडलेल्या चौघांत त्यांचा समावेश झाला, २०१६ साली पद्मश्री मिळाली. पुढे जातीय अत्याचारात माणूस गमावलेल्या महाराष्ट्रातल्या कुटुंबांपर्यंतही ते कॅमेरा घेऊन गेले. रंग काढून टाकल्याने वाड्याची भिंत गोड दिसते, पण रंग काढून टाकल्याने गटारातल्या माणसाचे डोळे अधिक धारदार दिसतात. तंत्र एकच आहे, फरक नजरेचा.

हीच नजर अमेरिकेत गॉर्डन पार्क्सकडे होती. तारणदुकानातून विकत घेतलेल्या साडेसात डॉलरच्या कॅमेऱ्याने सुरुवात करणाऱ्या या काळ्या छायाचित्रकाराने १९४२ साली वॉशिंग्टनच्या एका सरकारी कार्यालयात झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन या स्त्रीला राष्ट्रध्वजासमोर उभे केले, एका बाजूला झाडू आणि दुसऱ्या बाजूला फरशी पुसण्याचा मॉप. एका छायाचित्रात साऱ्या अमेरिकेच्या लोकशाहीची उलटतपासणी! पार्क्स कॅमेऱ्याला आपले हत्यार मानत असे. आमच्या तरुणांनी हा धडा घ्यावा.

मग आम्ही काय, नेहमी दुःखच टिपायचे? आमच्या वाट्याला हळवी आठवण नाहीच काय? असा प्रश्न एखादा तरुण विचारील आणि त्याचा तो हक्क आहे. दलित म्हणजे केवळ अत्याचारग्रस्त, रडका, मळका चेहरा, ही प्रतिमासुद्धा प्रस्थापितांच्याच सोयीची आहे. आपल्यालाही आठवणी आहेत आणि त्या आनंदाच्याही आहेत. पुण्याच्या तरुण कलावंत राज्यश्री गुडी यांनी कुटुंबाच्या अल्बममधील जुनी छायाचित्रे मांडून हेच दाखवले. एकत्र जेवण, सण, हसरे चेहरे, ताटातले अन्न. ज्यांच्या साहित्यात भुकेची पाने आहेत त्यांच्या अल्बममध्ये भरलेले ताट आहे. हे पाहताना डोळे भरून येतात ते हरवलेल्या वैभवाच्या हुरहुरीने नव्हे, तर मिळवलेल्या माणुसकीच्या अभिमानाने. वसंत मून यांनी 'वस्ती'मध्ये नागपूरच्या आपल्या वस्तीची आठवण अशीच सांगितली. आखाडे, भांडणे, समता सैनिक दल, भूक, मैत्री, सारे आहे. वस्तीवर जीव आहे, पण वस्तीची गरिबी गोड केलेली नाही.

भगवान बुद्धांच्या अष्टांगिक मार्गात सातवे अंग आहे सम्यक स्मृती. पालीत सम्मा सति. स्मृती म्हणजे निव्वळ जुने आठवणे नव्हे, तर जे जसे आहे तसे जागेपणी पाहणे. स्मरणरंजन झोप आणते, सम्यक स्मृती जागे करते. स्मरणरंजन म्हणते, पूर्वी सारे छान होते. सम्यक स्मृती विचारते, कोणासाठी छान होते, कोणाच्या कष्टांवर छान होते आणि ते थांबले कसे? एक स्मृती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दुसरी स्मृती आपल्या हाती दिली. आमच्या तरुण छायाचित्रकाराने या दोहोंतला भेद ओळखला की त्याची शैली आपोआप त्याची स्वतःची होईल.

वकिलीच्या व्यवसायात छायाचित्राशी आमचा संबंध पुरावा म्हणून येतो. तिथले दोन मुद्दे या चर्चेत उपयोगी पडतील. पहिला असा की, तीस वर्षांपेक्षा जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून न्यायालयापुढे आला तर तो खरा असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. १८७२ च्या पुरावा कायद्यात ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. म्हणजे कायदा केवळ वय विचारत नाही, तर दस्तऐवज कोणाच्या ताब्यात होता, हेही विचारतो. काल काढलेल्या छायाचित्राला मोबाईलमध्ये बोटाच्या एका टिचकीने तपकिरी रंग देता येतो, पण त्याने त्याचे वय वाढत नाही. आणि खरे जुने छायाचित्र आपल्या ताब्यात नसेल, तर आपला इतिहास दुसऱ्याच्या ताब्यात आहे असे समजावे. अनुसूचित जातीच्या जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे शोधताना आमचे लोक शाळेचे दाखले धुंडाळत तालुक्याला खेटे घालतात. आजोबांची जात कागदावर सापडते. आजोबांचा चेहरा मात्र कुठेच सापडत नाही!

दुसरा मुद्दा अधिक तातडीचा. वस्तीवर हल्ला होतो, पाणवठा अडवला जातो, मिरवणुकीवर दगड येतात, तेव्हा घटनास्थळी पहिला पोहोचतो तो मोबाईल हातात असलेला आपलाच तरुण. त्याने काढलेले छायाचित्र वा चित्रण खटल्याचे भवितव्य ठरवू शकते. परंतु ते पुरावा म्हणून टिकायचे तर प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी हे ठामपणे सांगितले की, मूळ उपकरणच न्यायालयात सादर करून सिद्ध केले नसेल, तर प्रमाणपत्र आवश्यक आहे. म्हणून मूळ फाईल पुसू नका, मूळ मोबाईल सांभाळा, त्या चित्रावर रंगाची, फिल्टरची कलाकारी करू नका, दिवस, वेळ, ठिकाण वहीत लिहून ठेवा. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने या कायद्याखालील गुन्ह्यांच्या कार्यवाहीचे चित्रीकरण करण्याची तरतूद केली आहे, तिची मागणी करा. आणि पीडितेची ओळख उघड होईल असे छायाचित्र कधीही प्रसृत करू नका. तो गुन्हा तर आहेच, पण आपल्याच लेकीबाळींच्या प्रतिष्ठेवर घाव आहे.

नाशिकच्या तरुण छायाचित्रकारापुढे तर कामाचा डोंगर आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जा, जिथे लोककवी वामनदादा कर्डक जन्मले. विहितगावला जा, जिथून बाबुराव बागूल आले. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी जा, जिथे दादासाहेब गायकवाड जन्मले. येवल्याच्या मुक्तिभूमीवर जा. भीमराव कर्डकांच्या जलशांची आठवण सांगणारे कोणाचे वारस असतील त्यांना भेटा. त्रिरश्मीवर पहाटे जा आणि मुगूदासाच्या लेखावर तिरपा प्रकाश पडला की ती अक्षरे टिपा. काळाराम सत्याग्रहाच्या पहिल्या तुकडीतल्या त्या पंचवीस स्त्रियांच्या तसबिरी आमच्या घरांच्या भिंतींवर का नाहीत, हा प्रश्न घेऊन जुन्या वस्त्यांमध्ये फिरा. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घरोघर फिरून, म्हाताऱ्या बायांना बोलते करून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. जे काम त्यांनी लेखणीने केले, ते कॅमेऱ्याने करणारे हात आज हवे आहेत.

आणि चळवळीलाही चार शब्द सुनावले पाहिजेत. १४ एप्रिलला चौकाचौकांत लागणाऱ्या फलकांवर नेत्यांचे, उपनेत्यांचे आणि होऊ घातलेल्या नेत्यांचे चेहरे मोजा. बाबासाहेब कोपऱ्यात आणि भाऊसाहेब मध्यभागी! या फलकांवर जितका पैसा उधळला जातो त्याच्या दहाव्या हिश्श्यात एखाद्या बुद्धविहारात वस्तीचा छायाचित्रसंग्रह उभा राहू शकतो. प्रत्येक घरातल्या पत्र्याच्या पेटीत दोन-चार जुनी छायाचित्रे असतात. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासमोर काढलेली, गिरणीत वा सरकारी छापखान्यात लागलेल्या नोकरीनंतरची, दीक्षेनंतरच्या पहिल्या बौद्ध पद्धतीच्या लग्नाची. ती दर पावसाळ्यात ओल धरून चिकटत आहेत. ती गोळा करा, त्यांच्या प्रती काढून मूळ छायाचित्र सन्मानाने त्या घरी परत करा, मागे नाव, गाव, साल लिहा. नाव नसलेले छायाचित्र म्हणजे पुन्हा एकदा नमुना! आणि जो तरुण हे काम करील त्याला पुष्पगुच्छ देऊन वाटेला लावू नका, त्याच्या श्रमाचा मोबदला द्या. फुकटची सेवा आपल्या बापजाद्यांनी भरपूर केली आहे.

वाड्याची छायाचित्रे काढू नका, असे आम्ही म्हणत नाही. जरूर काढा. पण त्या वाड्याच्या मागच्या दाराचेही काढा, जिथे आपली माणसे शिळ्या भाकरीसाठी ताटकळत उभी राहत. घाटाचे काढा, पण घाट झाडणाऱ्या बाईला चौकटीबाहेर ढकलून नव्हे. तिला विचारून, तिचे नाव लिहून काढा. आजीचे तर काढाच. तिच्या सुरकुत्या सुंदर आहेत म्हणून काढा आणि त्या कशाने पडल्या हे ठाऊक करून घेऊन काढा. एवढे केले तर नाशिकचा तरुण छायाचित्रकार कोणाच्याही जुन्या दिवसांचा भाट राहणार नाही. तो आपल्या समाजाचा साक्षीदार होईल, आणि साक्षीदार जागा असला की खोटा इतिहास टिकत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!